बीएस: युनिक्समधल्या एका विस्मृत इंटरप्रिटरचा माग

आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स संगणकप्रणालीच्या आज्ञासूचीत ‘बी’ अक्षराखाली बीएस नावाची एक आज्ञा आजही सापडते. लिनक्सवर ती नसते, मॅकवर नसते, आणि बीएसडी घराण्यात (बर्कली विद्यापीठातून निघालेल्या युनिक्समध्ये) तर ती कधीच नव्हती. मॅन्युअलनुसार हा ‘माफक आकाराच्या प्रोग्रॅमसाठी’ कंपायलर-इंटरप्रिटर आहे, म्हणजे त्याच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम वाचून चालवणारा. वंशावळीबद्दल तिथे एकच ओळ आहे: बेसिक आणि स्नोबॉल-४ या प्रोग्रॅमिंग भाषांची दूरची वंशज, वर थोडी सी. बाकी काही नाही.

लेखक माहीत आहेत: एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले डिक हेट. फाइंड (फाइली शोधणारी), सीपीआयओ (फाइलींचा गठ्ठा बांधणारी) आणि एक्स्पर (पदावली सोडवणारी) या आज्ञाही त्यांच्याच. फाइंड आज जगातल्या जवळपास प्रत्येक युनिक्स यंत्रावर आहे आणि त्याच माणसाने लिहिलेली एक अख्खी भाषा मात्र कुणाला आठवत नाही. सीची जन्मकथा तिचे कर्ते डेनिस रिची यांनी स्वतः लिहून ठेवली, ऑक या मजकूर-प्रक्रियेच्या भाषेच्या तिन्ही लेखकांनी त्यावर पुस्तक लिहिले. बीएससाठी मुख्य साधन म्हणजे मॅन्युअलची काही पाने. पण ती पाने नीट वाचली तर पुरतात. प्रत्येक नियमापाशी थांबून विचारायचे, हा कुणाच्या घरून आला? ही भाषा आजूबाजूच्या आज्ञांचे तुकडे जोडून शिवलेली आहे आणि शिवण अजून स्पष्ट दिसते.

(आज्ञा आणि कोड इथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर टंकताना रोमन लिपी, लहान अक्षरे आणि रोमन अंक वापरा.)

आधी टेप ओळखा

जुन्या युनिक्समधल्या कोणत्याही आज्ञेचा माग काढताना पहिला प्रश्न लेखकाचा नसतो. ती कोणत्या टेपवर होती, हा असतो (युनिक्स तेव्हा चुंबकीय टेपवरून वाटले जाई). सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमधून युनिक्सच्या दोन वेगळ्या धारा वाहत होत्या. एक मरी हिलच्या संशोधन विभागाची: सहावी आवृत्ती १९७५ ची, सातवी जानेवारी १९७९ ची. विद्यापीठांना मिळाली ती ही. हिच्यातून व्हॅक्स यंत्रासाठीचे ३२व्ही निघाले, त्यातून बर्कलीचे बीएसडी. दुसरी धारा कंपनीच्या अंतर्गत कामाची: पिस्कॅटवेचे पीडब्ल्यूबी युनिक्स, कोलंबसचे सीबी युनिक्स, आणि या सगळ्यांचा सांभाळ करणारा युनिक्स सपोर्ट गट. या धारेचे एकत्रीकरण म्हणजे सिस्टिम थ्री. तिचे मॅन्युअल जून १९८० चे, त्यावर छापलेले ‘रिलीज ३.०’.

बीएस या दुसऱ्या धारेत आहे. सातव्या आवृत्तीत नाही, म्हणून ३२व्हीत नाही, म्हणून बीएसडीत नाही. सिस्टिम थ्रीमधून ती १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमध्ये गेली आणि तिथून व्यापारी युनिक्सांत: एचपी-यूएक्स, ॲपलचे ए/यूएक्स, एआयएक्स. अप्रसिद्धीचे मुख्य कारण एवढेच. ऐंशीच्या दशकात संगणकशास्त्र शिकणारी जी पिढी पुढे लिनक्सकडे आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे गेली, तिच्या हाती सातवी आवृत्ती किंवा बीएसडी होते. तिने ऑक पाहिले, आकडेमोडीची बीसी ही भाषा पाहिली. बीएस तिच्या नजरेलाच पडले नाही. नंतर पॉसिक्स या युनिक्सच्या सामाईक मानकाने आज्ञांचे प्रमाणीकरण केले तेव्हा ऑक आणि बीसी आत घेतले, बीएस बाहेर राहिले.

शोधताना नेमकी इथेच गफलत होते. युनिक्सचा सगळा इतिहास गिट या आवृत्ती-नोंदीच्या साधनात मांडणारे डायोमिडिस स्पिनेलिस यांचे भांडार फार उपयोगी आहे, पण ते संशोधन आवृत्त्यांपासून बीएसडीमार्गे फ्रीबीएसडीपर्यंत जाते. तिथे बीएस शोधून सापडले नाही की लोक समजतात, हा काही महत्त्वाचा प्रकार नसावा. त्याऐवजी युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहातला सिस्टिम थ्री उघडा. मॅन्युअलची पाने एनरॉफ या जुन्या मजकूर-मांडणीच्या प्रोग्रॅमच्या मूळ स्वरूपात आहेत. त्याच्या आजच्या अवताराला, ग्रॉफला, मॅन मॅक्रो (मॅन्युअल-पानांच्या मांडणीचे नियम) लावून दिली तर बरीचशी नीट दिसतात. दोन अक्षरी नाव घालून शोध घेऊ नका, ‘बीएस’ला इंटरनेटवर भलतेच निकाल येतात. मॅन्युअलमधले ‘मॉडेस्ट-साइझ्ड प्रोग्रॅम्स’ हे शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. हेच वर्णन निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलांत उतरत गेले आहे, त्यामुळे एका झटक्यात सगळ्या शाखा सापडतात.

आणखी एक. सहाव्या आवृत्तीत स्नो नावाचा स्नोबॉलचा आणि बास नावाचा बेसिकचा इंटरप्रिटर होता, दोन्ही केन थॉम्पसन यांचे. बीएस म्हणजे या दोघांचे मिश्रण, असा अंदाज मॅन्युअलच्या त्या ओळीवरून कुणीही बांधेल. तो टिकत नाही. स्नो हा स्नोबॉल-३ चा अवतार आहे, आणि बीएसमध्ये दिसणाऱ्या ज्या गोष्टी पुढे येताहेत त्या स्नोबॉल-४ च्या आहेत.

स्नोबॉलचे ठसे

स्नोबॉल ही बेल लॅब्जचीच भाषा. फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की या तिघांनी १९६२ मध्ये तिची सुरुवात केली. तिच्यात दोन विलक्षण कल्पना होत्या. एक, वाचणे-लिहिणे हे फंक्शन नसून व्हेरिएबल आहे: ‘इनपुट’ची किंमत घेतली की पुढची ओळ वाचली जाते, ‘आउटपुट’ला काही दिले की ते छापले जाते. दोन, प्रत्येक विधान यशस्वी होते किंवा फसते, आणि प्रोग्रॅमचा प्रवाह त्यावर चालतो. खरे-खोटे हा वेगळा प्रकार लागतच नाही.

बीएसमध्ये दोन्ही आहेत. सुरू होताना तिच्याकडे तीन व्हेरिएबल आधीच जोडलेली असतात: गेट प्रमाणित इनपुटला, पुट प्रमाणित आउटपुटला, पुटएर त्रुटीच्या वाटेला. स्वतःची फाइल जोडायची तर ओपन वापरायचे, आणि व्हेरिएबलचे नाव त्याला स्ट्रिंग म्हणून द्यायचे. एका फाइलची प्रत काढायची तर:

ओपन("रीड", "जुनी", "आर")
ओपन("राइट", "नवी", "डब्ल्यू")
व्हाइल ?(राइट = रीड)
नेक्स्ट
क्लोज("रीड")
क्लोज("राइट")

सगळे काम तिसऱ्या ओळीत आहे. ‘राइट = रीड’ म्हणजे एक ओळ वाचून लिही. आणि कंसाआधीचे प्रश्नचिन्ह म्हणजे बीएसचा सर्वांत महत्त्वाचा ऑपरेटर. तो कंसातल्या पदावलीची किंमत पाहत नाही. ती पार पडली की नाही एवढेच पाहतो. फाइल संपली की वाचन फसते, आणि नियंत्रण तडक सर्वांत अलीकडच्या प्रश्नचिन्हाकडे उडी मारते. वाटेतली असाइनमेंट राहून जाते. म्हणूनच नव्या फाइलच्या शेवटी फालतू रिकामी ओळ चिकटत नाही.

ठसे इथे संपत नाहीत. स्वतः लिहिलेल्या फंक्शनला ‘मी फसलो’ असे कळवायचे तर एफरिटर्न. हा शब्द जसाच्या तसा स्नोबॉल-४ चा. स्ट्रिंगची लांबी सांगणारे साइझ, टेबल आणि आयटम ही नावेही तिथलीच. पण निर्विवाद पुरावा मला ट्रेसमध्ये दिसतो. बीएसमध्ये ट्रेसला एक आकडा दिला की फंक्शनांची ये-जा छापली जाते, आणि प्रत्येक परतीला तो आकडा एकाने घटतो. शून्य झाला की छापणे बंद. स्नोबॉल-४ मधला फंक्शन-ट्रेसचा कीवर्ड असाच घटत जातो. इतकी बारीक, इतकी तऱ्हेवाईक गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणे अवघड आहे.

एक गोष्ट मात्र हेट यांनी घेतली नाही: स्नोबॉलचे पॅटर्न. स्नोबॉलची खरी ताकद तीच, आणि इंटरप्रिटरमध्ये सर्वाधिक मेहनतही तिलाच लागते. त्या जागी बीएसमध्ये मॅच नावाचे साधे फंक्शन आहे. ते आले वेगळ्याच घरून.

शेजारपाजार

मॅचला स्ट्रिंग आणि पॅटर्न द्यायचा. किती अक्षरे जुळली तो आकडा परत येतो. पॅटर्न ईडी या एडिटरच्या पद्धतीचा. उलट्या तिरप्या रेघेसह (\) लिहिलेल्या कंसांत सापडलेला तुकडा नंतर एमस्ट्रिंग(१), एमस्ट्रिंग(२) असा मागता येतो. पॅटर्न नेहमी स्ट्रिंगच्या सुरुवातीपासूनच जुळावा लागतो, मग तुम्ही सुरुवातीचे चिन्ह लिहा की न लिहा.

आता एक्स्पर आज्ञेतला अपूर्णविरामाचा ऑपरेटर आठवा. सुरुवातीपासून जुळणे, अक्षरांची संख्या परत देणे, कंस असल्यास तो तुकडा देणे: तंतोतंत तेच वागणे, आणि एक्स्पर हेट यांचेच. याची खातरजमा आजच्या लिनक्सवरही होते. बीएसमधले इंडेक्स(एक्स, वाय) हे फंक्शन वाय ही अखंड स्ट्रिंग शोधत नाही. वायमधले कोणतेही एक अक्षर एक्समध्ये प्रथम कुठे येते ते सांगते. ऑकमधले इंडेक्स याच्या उलट, ते अखंड स्ट्रिंग शोधते. टर्मिनलवर ‘एक्स्पर इंडेक्स १२३४५६ ९४’ असे देऊन पाहा. उत्तर ४ येते, कारण ९ कुठेच नाही आणि ४ चौथ्या जागी आहे. अखंड ‘९४’ शोधले असते तर उत्तर ० आले असते. म्हणजे लिनक्सवरच्या ग्नू एक्स्परमध्ये जो अर्थ टिकून आहे, तोच बीएसमध्ये आहे. (मॅकवरच्या एक्स्परमध्ये हा प्रयोग करू नका. पॉसिक्सने एक्स्परसाठी इंडेक्स, सबस्ट्र, लेंग्थ, मॅच या चारही शब्दांचे वागणे अनिर्धारित ठेवले आहे आणि बीएसडीच्या एक्स्परमध्ये ते नाहीत.)

बाकीचे भराभर सांगता येईल. इफ संपते फायने आणि फंक्शनची व्याख्या फनने सुरू होऊन नफने संपते. ही उलट्या अक्षरांची खोड बोर्न शेलची (शेल म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम), आणि तिच्यामागे अल्गोल ६८ ही भाषा. फॉर आणि नेक्स्ट, रन, गोटू, टंकताच उत्तर देणारा तत्काळ मोड आणि घातांकाचे टोपी-चिन्ह हे बेसिकचे. दुहेरी अधिक-उणे, टक्केचिन्हाने बाकी काढणे, दुहेरी बरोबर ही सी. आयबेस आणि ओबेस बीसीकडून. ओपनला दिलेल्या नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असले की ते फाइलचे नाव न राहता शेलची आज्ञा होते. ईडीमधून शेलला हाक मारायची खूण तीच.

कुणाकडून न आलेल्या गोष्टीही आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. ‘अ > ब > क’ लिहिले तर बीएस त्याचा अर्थ ‘अ > ब आणि ब > क’ असा घेते. सीमध्ये हीच ओळ पहिल्या तुलनेचे ० किंवा १ हे उत्तर ‘क’शी ताडून पाहते आणि गुपचूप चुकते. शिवाय कंसात स्वल्पविरामांनी किमती लिहून पुढे चौकोनी कंसात क्रमांक दिला की तेवढीच किंमत निवडली जाते, मोजणी शून्यापासून. त्यामुळे ("खोटे", "खरे")[अ == ब] ही ओळ तुलनेच्या उत्तराप्रमाणे शब्द देते. सीचा प्रश्नचिन्ह-अपूर्णविराम ऑपरेटर इथे शक्यच नव्हता. प्रश्नचिन्ह आधीच खर्ची पडले होते.

सोळा बिटांच्या खुणा

भाषा कोणत्या यंत्रावर वाढली ते तिच्या मर्यादांवरून कळते. बीएसमधल्या ॲरेचा क्रमांक ० ते ३२,७६७ यांच्यामध्येच असावा लागतो. ही १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा, म्हणजे पीडीपी-११ हे यंत्र. सिस्टिम थ्री व्हॅक्सवरही चालत होती आणि तिथे पूर्णांक ३२ बिटांचा होता, तरी नियम तसाच राहिला. संख्या मात्र सगळ्या दुहेरी अचूकतेच्या दशांश. पूर्णांक असा वेगळा प्रकार भाषेत नाहीच, आणि एका छुप्या अडचणीचे मूळ तिथेच आहे.

नावांची मर्यादा त्याहून कडक. व्हेरिएबलच्या नावातली पहिली सहाच अक्षरे धरली जातात. ‘काउंटर१’ आणि ‘काउंटर२’ ही नावे रोमनमध्ये लिहा: दोघांचीही पहिली सहा अक्षरे सी-ओ-यू-एन-टी-ई. म्हणजे ते एकच व्हेरिएबल झाले, आणि इंटरप्रिटर ब्र काढत नाही. जुना बीएस कोड वाचताना नावे चमत्कारिक, आखूड का आहेत असे वाटले तर कारण हे. नावात अंडरस्कोरही चालत नाही, कारण बीएसमध्ये तो दोन स्ट्रिंग जोडण्याचा ऑपरेटर आहे.

वापरताना कुठे बिघडते

फाइलमधून दिलेला प्रोग्रॅम आणि टर्मिनलवर टंकलेल्या ओळी यांना बीएस वेगळी वागणूक देते. टर्मिनलवरची ओळ लगेच चालते आणि शेवटची क्रिया असाइनमेंट नसेल तर उत्तरही छापले जाते. फाइलमधल्या ओळी नुसत्या कंपाइल होऊन साठतात. त्या चालाव्यात म्हणून फाइलची शेवटची ओळ रन असावी लागते. ती विसरली तर काहीच घडत नाही: फाइल वाचून संपते आणि इंटरप्रिटर मुकाट्याने तुमच्या टंकण्याची वाट पाहत बसतो. त्याचप्रमाणे प्रोग्रॅमच्या तर्कात शेवटी एक्झिट हवे. स्टॉप लिहिले तर प्रोग्रॅम थांबतो पण बीएस चालूच राहते, पुन्हा तत्काळ मोडमध्ये. शेल स्क्रिप्टमधून बीएस बोलावले असेल तर ही दोन कारणे आधी तपासा.

एक छोटा पण पूर्ण प्रोग्रॅम घेऊ, शब्दांची मोजणी करणारा. आधी टीआर आज्ञेने मजकुराचे शब्द एकेका ओळीवर पाडून पाइपने इकडे द्यायचे:

टेबल("टी", ५०००)
व्हाइल ?(डब्ल्यू = गेट)
++टी[डब्ल्यू]
नेक्स्ट
फॉर आय = ०, ?(एस = आयटम(टी, आय)), ++आय
इफ की() पुट = की()_":"_एस
नेक्स्ट
एक्झिट
रन

ऑक माहीत असलेल्याला हे ओळखीचे वाटेल, फरक बारकाव्यांत आहेत. टेबलचा आकार आधी सांगावा लागतो. दिलेला आकडा किमान जागेचा असतो, पण टेबल भरून वाहिले की बीएस त्रुटी छापून थांबते. ऑकसारखे आपोआप वाढत नाही. म्हणून अंदाज सढळ हाताने करावा. टेबल नेमके किती मोठे झाले ते भाषा सांगत नाही, त्यामुळे शेवट ओळखायलाही प्रश्नचिन्हच लागते. आयटम किमती देते, की() त्याआधीच्या आयटम हाकेचा शब्द देते, आणि इफ की() हा रिकामे खण गाळण्यासाठी. क्रम कोणताही येऊ शकतो, क्रमवारी हवी असेल तर पुढे सॉर्टचा पाइप जोडा. फेऱ्यांच्या आत दुसऱ्या टेबलावर आयटम चालवणारे फंक्शन बोलावू नका, नाहीतर की() त्या दुसऱ्या टेबलाचा शब्द देईल. आणि एक वाकडेपणा लक्षात ठेवा: टेबल फंक्शनला नाव अवतरणचिन्हांत द्यायचे, आयटमला मात्र तसेच, अवतरणचिन्हांविना.

प्रश्नचिन्हाचे दुखणे जास्त खोल आहे. फसणे म्हणजे सर्वांत अलीकडच्या प्रश्नचिन्हाकडे उडी, आणि त्या उडीत मधली फंक्शने सोडून दिली जाऊ शकतात. समजा बाहेरच्या व्हाइलमध्ये प्रश्नचिन्ह आहे, आतल्या फंक्शनमध्ये तुम्ही दुसरी फाइल वाचता आणि तिथे प्रश्नचिन्ह लिहायचे राहिले. दुसरी फाइल संपताच नियंत्रण थेट बाहेरच्या व्हाइलवर येते आणि मुख्य फाइल संपली अशा समजुतीने सगळे आवरते. त्रुटीचा संदेश नाही. त्यात फनमध्ये जाहीर केलेली नावे सोडली तर बीएसमधले प्रत्येक नाव सार्वत्रिक असते, म्हणून अर्धवट बदललेल्या किमती तशाच मागे राहतात. आजच्या भाषांतल्या एक्सेप्शनसारखेच हे यंत्र, फक्त कोणती चूक झाली ते सांगणारी चिठ्ठी सोबत नाही. नियम सोपा ठेवावा: जिथे वाचन, तिथेच प्रश्नचिन्ह.

एफरिटर्नचा प्रश्न उलटा. हाक मारणाऱ्याने प्रश्नचिन्ह लावले नसेल तर एफरिटर्न नुसते शून्य परत देते. ज्या फंक्शनचे खरे उत्तरही शून्य असू शकते, तिथे फसणे आणि शून्य यांत फरक राहत नाही.

फॉरमॅट फंक्शन सीमधल्या प्रिंटएफच्या पद्धतीने संख्या मांडून देते, पण मॅन्युअल बजावते की एफ, ई आणि एस हे तीनच प्रकार सुरक्षित. कारण वर आलेच आहे: आत सगळ्या संख्या दुहेरी दशांश. पूर्णांकाचा डी प्रकार दिला तर प्रिंटएफ त्या आठ बाइटांतले सुरुवातीचे काही बाइट पूर्णांक म्हणून वाचते आणि कचरा छापते. पूर्णांक हवा असेल तर एफ प्रकार वापरून दशांशस्थळे शून्य ठेवा.

पाइप उघडला तर क्लोज करायलाच हवे. ओपन("पीआर", "!पीआर -२", "डब्ल्यू") अशा ओळीने दुसरी प्रक्रिया सुरू होते (इथे पाने मांडणारी पीआर ही आज्ञा), तिची वाट पाहण्याचे काम क्लोज करते. ते टाळले तर बीएस आधी संपून शेलचा प्रॉम्प्ट येऊ शकतो आणि मग त्यावर पीआरची पाने सांडतात.

उघडायची फाइलच नसेल तर ओपन प्रोग्रॅम थांबवते. त्यावर उपाय इव्हॅल: ओपनची हाक स्ट्रिंगमध्ये घालून, इव्हॅलला देऊन, आधी प्रश्नचिन्ह लावायचे. फाइल नसेल तर शून्य येते, प्रोग्रॅम जिवंत राहतो. आतली अवतरणचिन्हे उलट्या तिरप्या रेघेने सुटी करावी लागतात, दिसते ओंगळ, पण मॅन्युअलनेच सुचवलेला मार्ग आहे. आयबेस आणि ओबेस यांचे वेळापत्रक वेगळे: या दोन आज्ञा कंपाइल होत असतानाच अमलात येतात, म्हणून इफच्या आत लिहून उपयोग नाही. आणि तत्काळ मोडमध्ये फनची व्याख्या टंकताना चूक झाली, तर क्लिअर केल्याशिवाय नवी व्याख्या देता येत नाही. क्लिअरने बाकीचेही पुसले जाते. एडिट आज्ञा देऊन एडिटरमध्येच लिहिणे बरे.

मूळ कोड आणि आजचा कंपायलर

सिस्टिम थ्रीच्या काळातला सी कोड आजच्या जीसीसी या कंपायलरला दिला तर धडाधड चुका येतात, आणि त्या कोणत्या क्रमाने सोडवाव्यात हे ठाऊक असेल तर बराच वेळ वाचतो. जीसीसी १४ पासून जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही सूचना न राहता चूक झाली. जीसीसी १५ मूळ निवड म्हणून सी भाषेचे नवे मानक सी-२३ धरते, त्यात जुन्या पद्धतीची फंक्शन-व्याख्या बसतच नाही. दोन्हींवर उपाय एकच, -एसटीडी=जीएनयू८९. जीसीसी १० पासून एकच सार्वत्रिक व्हेरिएबल अनेक फाइलींत जाहीर केले की लिंकर अडतो, त्याला -एफकॉमन. त्या काळचा कोड पूर्णांक आणि पॉइंटर सारख्याच आकाराचे धरतो, म्हणून -एम३२. अवतरणचिन्हांतल्या स्ट्रिंगवर लिहिणारा कोड आज थेट कोसळतो. त्याला मुभा देणारा पर्याय जीसीसी ४.० मध्येच काढला गेला, तेव्हा तिथे ॲरे करून हातानेच दुरुस्ती. गेटलाइनसारखी नावे आजच्या लायब्ररीशी भांडतात, ती सरळ बदला.

परवान्याकडे मात्र आधी पाहा. कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये पहिल्या ते सातव्या आवृत्तीपर्यंतचे युनिक्स आणि ३२व्ही बीएसडीसारख्या परवान्याखाली मोकळे केले. त्याच पत्रात सिस्टिम थ्री आणि सिस्टिम फाइव्ह स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. म्हणजे थॉम्पसन यांचे स्नो आणि बास तुम्ही आज बिनधास्त बदलून वाटू शकता, हेट यांचे बीएस नाही.

त्यामुळे लिनक्सवर बीएस हवे असेल तर मूळ कोड न उघडता, फक्त मॅन्युअलवरून नव्याने लिहिणे हा स्वच्छ मार्ग. काम वाटते तेवढे मोठे नाही. प्रश्नचिन्हासाठी सेटजंप-लाँगजंपची (सीमधली, फंक्शने ओलांडून मागे उडी मारणारी जोडी) एक थप्पी ठेवा: प्रत्येक प्रश्नचिन्हाला वर एक नोंद, पदावली पार पडली की ती काढायची, काही फसले की सर्वांत वरच्या नोंदीकडे उडी. फंक्शन-हाकांची खोलीही त्या नोंदीत साठवा, नाहीतर उडीनंतर स्थानिक नावे चुकीच्या पातळीवर लागतील. व्हेरिएबलच्या रचनेत संख्या, स्ट्रिंग आणि फाइल असे तीन प्रकार हवेत, आणि क्लोजनंतर फाइल-व्हेरिएबल पुन्हा साधे व्हायला हवे. नावे सहा अक्षरांवर कापायची की नाही हे ठरवा. जुने प्रोग्रॅम चालवायचे असतील तर कापा, कारण लांब नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आखूड लिहिलेला कोड असू शकतो.

तपासायला मॅन्युअलमधलीच उदाहरणे घ्या. १८६००० * ५२८० * १२ / १ई९ टंकले की ११.७८४९६ यायला हवे; एका नॅनोसेकंदात प्रकाश इतके इंच जातो. हजार डॉलरवर ६ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ५ वर्षांचे व्याज फॉरच्या २० फेऱ्यांत काढले तर ३४६.८५५००७. मॅचसाठी ‘ए१२३एबी१२३’ ही स्ट्रिंग घ्या (ए आणि बी ही एकेक रोमन अक्षरे धरून एकूण ९ अक्षरे), पॅटर्न ‘काहीही कितीही, मग कंसात ए ते झेडमधले एक अक्षर’. मॅचने ६ द्यायला हवेत आणि एमस्ट्रिंग(१) ने बी. इथे १ आला तर तुमचा तारांकनाचा कोड कमीत कमी अक्षरे गिळतो आहे, ५ आला तर जास्तीत जास्त गिळून मागे सरताना एक पाऊल जास्त सरकतो आहे.